बाबांच्या हँडीकॅमच्या कॅसेट हॉलमधल्या टीव्हीवर: आधी फाईल नीट करा, मग वायफायकडे बघा

दादरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या वडिलांनी १९९९ ते २००७ या काळात हँडीकॅमवर भरलेल्या १४ मिनीडीव्ही कॅसेट आता संगणकावर उतरवून झाल्या आहेत. संगणक आतल्या खोलीत, टीव्ही हॉलमध्ये. संगणकावर सगळं छान चालतं. टीव्हीवर मात्र त्या फाईल्सना ‘हा फॉरमॅट चालत नाही’ असं उत्तर मिळतं. संगणकाची स्क्रीन वायफायने टीव्हीवर टाकली तर चित्र धक्के खात चालतं, आणि नातीचे मोबाईलवरचे व्हिडिओ दर दहा सेकंदांनी अडकतात. इंटरनेटचा प्लॅन वाढवून पाहिला, उपयोग झाला नाही. बाबा ७८ वर्षांचे आहेत, आणि त्यांनी रिमोट हातात घेऊन हवं ते स्वतः लावावं अशी ताईंची इच्छा आहे.

ताई, तुमची ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून उत्तर तिच्याभोवतीच देतो. वीसेक वर्षं मी गिरगाव-दादर-पार्ल्याच्या घरांमधून कॅसेट उतरवून देण्याचं आणि त्या टीव्हीवर दिसतील अशी सोय करून देण्याचं काम करतो आहे. ज्या घरात मुलगा किंवा सून आल्याशिवाय व्हिडिओ लागत नाही, त्या घरात महिन्याभरात तो लावणं बंद होतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तुमचे तिन्ही त्रास वेगवेगळे दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: फाईल उलगडण्याचं काम कोण करतंय, संगणक की टीव्ही? व्हिडिओची फाईल म्हणजे घट्ट बांधलेलं गाठोडं. ते कुठल्या पद्धतीने बांधलंय हे सोडणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. संगणकावर व्हीएलसीसारखा प्लेअर असला की जवळपास कुठलीही गाठ सुटते. टीव्हीला मोजक्याच गाठी येतात. कॅसेटवरून जशीच्या तशी उतरवलेली डीव्ही पद्धतीची एव्हीआय फाईल त्यात सहसा नसते. त्यामुळे तुमच्या टीव्हीत बिघाड नाही आणि फाईलही खराब नाही.

इंटरनेटचा प्लॅन वाढवून फरक का पडला नाही, तेही इथेच सांगतो. तुमच्या संगणकातून तुमच्याच टीव्हीवर जाणारा व्हिडिओ घराबाहेर पडतच नाही. तो राऊटरपर्यंत जातो आणि तिथून टीव्हीकडे वळतो. इंटरनेटची लाईन बंद असली तरी हे काम चालतं. वाढवलेला प्लॅन पुन्हा कमी करा, ते पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी लागणार आहेत.

आता मार्ग बघू. सगळ्यात सरळ मार्ग एचडीएमआय केबलचा. लॅपटॉप टीव्हीला जोडला की फाईल लॅपटॉप उलगडतो आणि टीव्ही फक्त पडद्याचं काम करतो. पाच मीटरपर्यंतची चांगली केबल सहसा त्रास देत नाही. दहा मीटरच्या पुढे साधी केबल घेऊ नका. आवाज टीव्हीतून आला नाही तर संगणकाच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन टीव्ही निवडायचा, एवढंच. पाहुणे आलेत, आज संध्याकाळी लगेच दाखवायचंय, तर हेच करा. पण यात लॅपटॉप उचलून आणणं आलं, माऊस आला, त्यामुळे तुमच्या बाबांच्या उपयोगाचं नाही.

स्क्रीन वायफायने टीव्हीवर टाकणं हा दुसरा मार्ग, तो घरच्या व्हिडिओंसाठी वापरूच नका. त्यात संगणक आधी फाईल उलगडतो, मग स्वतःच्या पडद्याचं चित्र टिपतो, ते पुन्हा बांधतो आणि हवेतून पाठवतो. एवढ्या उठाठेवीत हालचालीचा गुळगुळीतपणा जातो. अभ्यासाचे कागद किंवा फोटो दाखवायला ठीक, विसर्जनाच्या मिरवणुकीला नाही.

तिसरा मार्ग टीव्हीतच असलेल्या डीएलएनए सोयीचा. २००३ मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन हे ठरवलं की एका कंपनीच्या संगणकातला व्हिडिओ दुसऱ्या कंपनीच्या टीव्हीवर दिसावा. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली, पण सोय अजून बऱ्याच टीव्हींमध्ये आहे. विंडोजमध्ये मीडिया स्ट्रीमिंग चालू केलं की टीव्हीच्या सोर्सच्या यादीत संगणकाचं नाव येतं. मात्र इथे गाठोडं टीव्हीनेच सोडायचं असतं, म्हणून तुमच्या मूळ फाईल्स इथेही अडणारच. चौथा मार्ग म्हणजे संगणकावर छोटा मीडिया सर्व्हर, म्हणजे टीव्ही मागेल ती फाईल त्याच्याकडे पाठवणारा प्रोग्राम, चालवायचा आणि टीव्हीवर त्याचं ॲप. बाबांसाठी मी हाच सुचवतो. पण त्याआधी फाईल.

तुमची एका तासाची कॅसेट संगणकावर सुमारे १३ जीबी झाली असेल. १४ कॅसेटचे १८० जीबीच्या आसपास. ही फाईल टीव्हीकडे पाठवायची तर सेकंदाला २९ मेगाबिट अखंड जावे लागतात. हा बोजा कमी करायचा, आणि टीव्हीला समजेल अशी दुसरी प्रत बनवायची. मूळ फाईल्सना हात लावायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्यासाठी हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरा. फाईलचा प्रकार एमपी४, व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी. ही तिघांची जोडणी गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक टीव्हीला समजते. एच.२६५ मध्ये फाईल आणखी लहान होते, पण कॅसेटच्या चित्रासाठी ती बचत फारशी नाही आणि जुना टीव्ही अडतो. गुणवत्तेचा आरएफ आकडा १८ ठेवा. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. या आकाराच्या चित्राला १८ ते २२ चालतं, मी १८ च्या वर जात नाही. तासाला साधारण दोन-तीन जीबीची फाईल तयार होते.

आता ज्या एका सेटिंगमुळे चांगल्या चांगल्या कॅसेटची वाट लागते, त्याकडे येतो. हे सावकाश वाचा.

आपल्याकडच्या हँडीकॅममध्ये सेकंदाला २५ पूर्ण चित्रं नसतात, ५० अर्धी चित्रं असतात. एका अर्ध्यात १, ३, ५ अशा ओळी आणि दुसऱ्यात २, ४, ६ अशा. दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. जुन्या डबा टीव्हीवर ती अर्धी चित्रं एकामागून एकच उमटायची, म्हणून हालचाल सलग दिसायची. नव्या टीव्हीच्या सपाट पडद्यावर दोन्ही अर्धी एकदम दाखवली की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. लेझीम खेळणाऱ्या मुलाचा हात थांबवून बघा, हाताच्या कडेला आडव्या रेघा निघालेल्या असतील.

हे दूर करताना बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. एक तर अर्धी चित्रं फेकून देतात, मग मिरवणूक लंगडत चालल्यासारखी दिसते. नाहीतर दोन्ही अर्धी एकमेकांत मिसळतात, मग प्रत्येक हलत्या हाताला सावलीसारखा दुसरा हात येतो. दुसरी चूक माझ्या हातून झाली आहे. कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती. लालबागच्या एका कुटुंबाची कॅसेट होती, त्यांच्या आजी गणपतीत उकडीचे मोदक वळताना दिसत होत्या. बोटांच्या चिमटीने कळ्या पाडण्याचं ते काम कॅमेऱ्याने अगदी जवळून धरलं होतं. मी मिसळण्याचा पर्याय वापरला, डिस्कवर जागा हवी म्हणून मूळ फाईल पुसली, आणि कॅसेट त्यांच्या घरी पावसाळ्यात बुरशी लागून गेली. आज त्या घरात आजींच्या प्रत्येक बोटाला दुसरं धूसर बोट आहे, आणि ते कुणालाही काढता येणार नाही. तेव्हापासून मूळ फाईल पुसायला मी कुणालाच सांगत नाही.

बरोबर पद्धत अशी: हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेससाठी, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करण्यासाठी, बीडब्ल्यूडीआयएफ किंवा यादिफ निवडा, आणि त्याच्या प्रीसेटमध्ये ‘बॉब’. इंटरलेस ओळखण्याचा पर्याय बंद ठेवा, म्हणजे तो प्रत्येक चित्रावर काम करेल. बॉबमध्ये प्रत्येक अर्ध्या चित्रातून एक पूर्ण चित्र तयार होतं, म्हणून सेकंदाला ५० चित्रं मिळतात आणि हालचाल जुन्या टीव्हीवर दिसायची तशीच वाहती राहते. इथे एक गोष्ट हमखास चुकते. ५७६ ओळींच्या चित्रासाठीचा तयार प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेल्या सेटिंगचा संच, घेतला तर त्यात सेकंदाला २५ चित्रांची मर्यादा आधीच लावलेली असते. ती तशीच राहिली तर केलेलं सगळं वाया. व्हिडिओच्या पानावर जाऊन फ्रेमरेट ‘मूळ फाईलप्रमाणे’ करा. तयार झालेल्या फाईलमध्ये हात पुढे-मागे थरथरताना दिसले, तर ओळींचा क्रम उलटा लागला आहे असं समजा. डीव्हीमध्ये खालची ओळ आधी असते. उतरवताना कुणी मधे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून फाईल फिरवली असेल तर हे होतं.

चित्राचा आकार वाढवू नका. ५७६ ओळींचं चित्र १०८० केल्याने त्यात नवीन काही येत नाही, टीव्ही ते काम स्वतः करतोच. रुंदी-उंचीचं प्रमाण मात्र तपासा. डीव्हीमध्ये चित्र ७२० बाय ५७६ साठवलेलं असतं, पण दिसायला हवं ४:३, म्हणजे ७६८ बाय ५७६ इतकं. डावी-उजवीकडे काळे पट्टे राहतील, ते राहू द्या. पडदा भरावा म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र ताणलं की आई जाडी आणि मामा बुटका दिसायला लागतो.

सगळ्या १४ कॅसेट एकदम लावू नका. सगळ्यात जास्त हालचाल असलेली दोन मिनिटं निवडा, मिरवणूक, क्रिकेट, लग्नातला नाच, काहीही. हँडब्रेकमध्ये अमुक सेकंद ते तमुक सेकंद एवढाच भाग निवडता येतो. ती छोटी फाईल पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावा. कंगवा नाही, सावली नाही, धक्के नाहीत, आवाज येतोय, ओठांशी जुळतोय, एवढं पाहिलं की मगच बाकीच्या फाईल्स रांगेत लावून रात्रभर चालू ठेवा. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. दीड-दोन तासांच्या लग्नाच्या फाईलला हे आडवं येतं.

फाईल झाली की निम्म्याहून अधिक काम झालं. आता हवेतली वाट.

मुंबईतल्या इमारतीत वायफायची यादी उघडली की शेजारपाजारची पंधरा-वीस नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनल तीनच धरता येतात: १, ६ आणि ११. म्हणजे मजल्यावरची सगळी घरं त्याच तीन गल्ल्यांमधून वाट काढतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, पण त्याला भिंती पार करणं जड जातं, आणि दादर-गिरगावातल्या जुन्या इमारतींच्या भिंती हातभर जाड असतात. शिवाय संगणक आणि टीव्ही दोघेही वायफायवर असतील तर तोच व्हिडिओ एकदा संगणकाकडून राऊटरकडे आणि मग राऊटरकडून टीव्हीकडे, असा दोनदा हवेतून जातो. म्हणून दोघांपैकी एकाला तरी लॅन केबलने राऊटरला जोडा. फायबरवाला राऊटर बहुतेक वेळा टीव्हीच्या मागे किंवा दाराजवळ चपलांच्या कपाटावर लावून जातो. टीव्हीच्या मागे असेल तर तुमचं काम मीटरभर केबलमध्ये झालं. नसेल तर संगणकापर्यंत केबल ओढून घ्या. पट्टीतून भिंतीच्या कडेने नेली तर दिसतही नाही. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट सेकंदाला १०० मेगाबिटचंच असतं, पण तुमच्या कॅसेटच्या नव्या फाईल्सना पाच-सात मेगाबिट पुरतात.

नातीचे व्हिडिओ का अडकतात तेही आता लक्षात येईल. आयफोनवर ४के आणि सेकंदाला ६० फ्रेम अशी सेटिंग असेल तर मिनिटाला साधारण ४०० एमबी होतात, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटच्या वर. गर्दीच्या २.४ गिगाहर्ट्झवर तेवढं सलग पोचत नाही. वर ती फाईल बहुतेक एच.२६५ मध्ये असते, जुन्या टीव्हीला तीही जड. केबल जोडल्यावर हा त्रास बहुधा थांबेल. नाहीच थांबला तर त्या व्हिडिओंचीही एच.२६४ मध्ये १०८० आकाराची प्रत करा. त्यात डीइंटरलेस मात्र लावू नका, मोबाईलच्या व्हिडिओत अर्धी चित्रं नसतातच.

सर्व्हरसाठी मी जेलीफिन वापरतो. मोफत आहे, त्याला बाहेर कुठे खातं उघडावं लागत नाही, घरातल्या बायकामुलांचे व्हिडिओ घरातच राहतात. याच कारणासाठी राऊटरमध्ये त्याच्यासाठी बाहेरून वाट उघडून देऊ नका, मुलगा परदेशातून बघायचं म्हणाला तरी. प्लेक्सही चांगला आहे, पण त्याला खातं लागतं. संगणकावर जेलीफिन बसवलं की फोल्डर जोडताना तो विचारतो की यात काय आहे. तिथे ‘घरचे व्हिडिओ आणि फोटो’ हाच प्रकार निवडा. चुकून ‘चित्रपट’ निवडलं तर तो तुमच्या फाईलच्या नावाशी मिळतंजुळतं काहीतरी इंटरनेटवर शोधतो आणि भाच्याच्या मुंजीवर भलत्याच परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटवतो.

अँड्रॉइड टीव्ही किंवा फायर टीव्ही असेल तर जेलीफिनचं ॲप थेट मिळतं. नसेल तर तशी एक स्टिक घ्या, टीव्ही बदलू नका. टीव्हीवर संगणक दिसतच नसेल तर तीन गोष्टी बघा. दोघे एकाच वायफायवर आहेत का (कुणीतरी टीव्हीला पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क दिलेलं असतं, ते घरातल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाही). विंडोजमध्ये हे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का. आणि फायरवॉलने जेलीफिनला परवानगी दिली आहे का. बहुतेक घरांत अडचण या तिघांतच सापडते. मग राऊटरमध्ये संगणकाचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, कायमचा राखून ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पत्ता बदलतो आणि टीव्ही त्याला शोधत बसतो. संगणकाची झोपी जाण्याची सेटिंगही बंद करा. बाबा दुपारी चारला टीव्ही लावतील आणि आतला संगणक झोपलेला असेल, तर त्यांना वाटेल आपल्यालाच जमत नाही.

ॲपमध्ये बाबांच्या नावाने पासवर्ड नसलेला वेगळा वापरकर्ता करा, त्याला फक्त हेच फोल्डर दिसू द्या. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग: ‘२००१-०८ गणपती, मामाकडे’. म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. काही जुन्या टीव्हींवर डीएलएनएमधून देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात. जेलीफिनच्या ॲपमध्ये मला तसं आढळलेलं नाही. तासभराची कॅसेट एकाच फाईलमध्ये ठेवू नका, प्रसंगांनुसार तुकडे करा. रिमोटने चाळीस मिनिटं पुढे जायला लावणं या वयात जाच आहे.

कॅसेट फेकू नका. मूळ एव्हीआय फाईल्स दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा गावी. कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, जमिनीपासून वर. मुंबईच्या दमट हवेत पट्टीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट दिसली तर ती हँडीकॅममध्ये घालू नका, ती बुरशी कॅमेऱ्याच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला.

पहिल्या दिवशी बाबा बघायला बसतील तेव्हा तुम्ही शेजारी वही घेऊन बसा, आणि मोबाईलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करत राहा. मांडवात मागच्या रांगेत काळी टोपी घालून बसलेले गृहस्थ कोण, हे आता बहुधा त्यांनाच माहीत असेल. ते नाव त्याच रात्री फाईलच्या नावात घाला.